दूरच्या संघाचे होताना

परभणीत अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले आहे: "दोन वर्षांपासून मी मोबाईलवर अमेरिकेतील एनबीएचे बास्केटबॉल सामने पाहतो. एखादा संघ आयुष्यभरासाठी आपला म्हणावा असे वाटते. पण जे शहर कधी पाहिले नाही, जिथे आपले कोणी राहत नाही, त्या शहराच्या संघाशी इथे बसून जोडलेले नाते खरे असते का? संघ कोणता निवडावा, सामने कसे पाहावेत, आणि तो वर्षानुवर्षे हरू लागला तर काय करावे?"

मी लातुरात २९ वर्षे क्रीडाशिक्षक होतो, मुलामुलींचे शालेय बास्केटबॉल संघ तालुक्यापासून विभागीय स्पर्धांपर्यंत घेऊन फिरलो, आणि १९९९ पासून टेक्सासमधील सॅन अँटोनियो स्पर्स या संघाचा आहे. 'चाहता' हा शब्द मला नटनट्यांपुरता ठीक वाटतो. आमच्या गावाकडे जसे 'तो अमक्या दिंडीचा' असे म्हणतात, तसे मी 'या संघाचा आहे' असे म्हणतो. दिंडीत चालणारा माणूस वाट सोपी आहे की अवघड हे पाहून दिंडी बदलत नाही, एवढाच त्यातला भाव.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. नाते खरे असते, पण ते निवडीच्या दिवशी तयार झालेले नसते. संघ ठरवायला एक संध्याकाळ पुरते. त्या संघाचे व्हायला माझ्या हिशेबाने तीन-चार हंगाम लागतात आणि त्यांतला एक तरी वाईट जावा लागतो. पुढचे सगळे मात्र एकाच गोष्टीवर ठरते, ती म्हणजे तुम्ही स्वतःला एखाद्या खेळाडूशी बांधून घेता की त्या संघाच्या खेळण्याच्या रीतीशी. मी पहिल्या प्रकाराने सुरुवात केली आणि नशिबाने दुसऱ्या प्रकारात जाऊन पडलो.

१९९९ च्या जूनमध्ये क्रिकेट विश्वचषकासाठी आम्ही भाड्याच्या घरात केबल जोडून घेतली होती. २० जूनला लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाने पाकिस्तानला सहज हरवले, आणि केबलचे पैसे महिनाअखेरपर्यंत भरलेले असल्यामुळे उरलेले दिवस मी इतर सामने पाहत बसलो. त्याच आठवड्याच्या शेवटी एनबीएच्या अंतिम मालिकेतला पाचवा सामना पाहायला मिळाला. न्यूयॉर्क निक्सच्या मैदानावर स्पर्स एका गुणाने मागे होते, सामन्याचे शेवटचे मिनिट चालू होते, आणि चेंडू कोपऱ्याकडे मोकळ्या उभ्या असलेल्या एव्हरी जॉन्सनकडे आला. हा त्या उंचापुऱ्या माणसांच्या घोळक्यात जेमतेम १८० सेंटिमीटरचा, आमच्या दहावीच्या वर्गात सहज खपून जाईल असा गडी. त्याने डाव्या हाताने चेंडू टाकला, तो पडला, स्पर्स ७८-७७ असे जिंकले आणि त्यांचे पहिले विजेतेपद तिथे ठरले.

तरीही माझ्या मनात घर केले ते टिम डंकनने. तो बहुतेक वेळा रिंगच्या बाजूला साधारण ४५ अंशांच्या कोनात चेंडू घ्यायचा, एकदा खांदा हलवायचा आणि सरळ रिंगमध्ये न मारता बोर्डवर आखलेल्या चौकोनाच्या वरच्या कोपऱ्यावर चेंडू ठेवायचा. तिथून तो जाळीत उतरायचा. दिसायला हा फटका अगदी रुक्ष, पण चुकायचा फार क्वचित. सोमवारी मी मैदानावर मुलांना तोच फटका शिकवायला घेतला आणि आमची अडचण लक्षात आली. आमचे मैदान मुरमाचे, रेषा फक्कीने आखलेल्या, आणि दोन्ही बोर्ड प्लायवूडचे. त्यांपैकी पश्चिमेकडचा बोर्ड पावसाने फुगून त्याचे थर सुटले होते. चेंडू तिथे आपटला की उसळी न घेता ओल्या पोत्यावर पडल्यासारखा सरळ खाली यायचा. इतकी वर्षे मुले बोर्डचा आधार का घेत नाहीत म्हणून मी त्यांनाच रागावत आलो होतो. सुताराकडून फळ्या बदलून घेतल्या, ५९ बाय ४५ सेंटिमीटरचा चौकोन नव्याने रंगवला, आणि त्या वर्षापासून आमची मुले बोर्डवरून मारू लागली. एका संघाची रीत आपल्या अंगणात उतरली की तो संघ परका वाटेनासा होतो, हे मला तेव्हा कळले. तुम्ही शिक्षक नाही, पण संध्याकाळी चार मित्रांबरोबर खेळत असाल तर हेच करून पाहा: ज्या संघाची एखादी चाल तुम्हाला परभणीच्या मैदानावर करून पाहावीशी वाटते, तो संघ तुमच्या यादीत ठेवा.

आता निवडीविषयी. एनबीएत ३० संघ आहेत. २९ अमेरिकेतले आणि एक कॅनडातील टोरोंटोचा. आज ज्याची चित्रफीत सगळीकडे फिरते आहे त्या खेळाडूवरून संघ निवडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. कारण साधे आहे. कवाय लेनर्डला मी स्पर्समध्ये पोरगेला असल्यापासून पाहिले. २०१४ च्या अंतिम मालिकेत सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून त्याची निवड झाली, आणि पुढची दहा वर्षे याच्या जोरावर काढायची असे आम्ही धरून चाललो. २०१८ च्या जुलैमध्ये त्याचा टोरोंटोशी सौदा झाला. त्याच उन्हाळ्यात टोनी पार्कर शार्लटला गेला आणि ऑगस्टमध्ये मनू जिनोबिली निवृत्त झाला. पुढच्याच वर्षी लेनर्डने टोरोंटोला विजेतेपद मिळवून दिले. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने लेनर्डसाठी स्पर्स धरले होते; तो लेनर्डबरोबर टोरोंटोला आणि तिथून वर्षभरात लॉस एंजेलिसला गेला. आज तो कोणत्याच संघाचा नाही, आणि त्यात त्याचा काही दोषही नाही. त्याने माणूस निवडला होता.

त्याऐवजी संघाने अडचणीच्या वेळी काय केले हे पाहावे. स्पर्सने १९८७ साली डेव्हिड रॉबिन्सनला नवोदितांच्या निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, पहिल्या क्रमांकावर घेतले. त्याला आधी नौदलातील सेवा पूर्ण करायची होती आणि तो दोन वर्षे येणार नाही हे माहीत असूनही घेतले. तो येण्याआधीच्या हंगामात संघ फक्त २१ सामने जिंकला. तो आला त्या हंगामात ५६ जिंकला. पुढे १९९६-९७ मध्ये रॉबिन्सन जखमी झाला, संघ ६२ सामने हरला, ग्रेग पॉपोविच यांनी त्याच हंगामात प्रशिक्षकपद हाती घेतले, आणि त्या पडझडीतून मिळालेल्या पहिल्या क्रमांकावर डंकन आला. जिनोबिलीला १९९९ मध्ये ५७ व्या क्रमांकावर घेतले होते. त्या वर्षी त्याच्यानंतर केवळ एकाचे नाव पुकारले गेले. पार्कर २००१ मध्ये २८ वा. एक अर्जेंटिनाचा, दुसरा फ्रान्समध्ये वाढलेला, आणि डंकन कॅरिबियनमधील सेंट क्रॉई बेटावरचा जलतरणपटू, ज्याच्या सरावाचा तलाव १९८९ च्या ह्यूगो वादळाने उद्ध्वस्त केला म्हणून तो बास्केटबॉलकडे वळला. जो संघ दूरच्या माणसांना घेऊन, वाट पाहून, हळूहळू घडतो, तो दूरच्या माणसाला जवळचा वाटतो. निदान मला वाटला. तुम्हाला दुसऱ्या कुठल्या संघाची दुसरी एखादी रीत भावेल. वेगाने पळणारा संघ आवडत असेल तर तो निवडा, फक्त तो आवडीचा निकष दोन-तीन हंगाम तपासून घ्या.

निवडीत आणखी एक गोष्ट अगदी व्यवहाराची आहे आणि ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: घड्याळ. सॅन अँटोनियोत घरचा सामना बहुधा संध्याकाळी सात किंवा साडेसातला सुरू होतो. तेथील घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेअकरा तास आणि उन्हाळी वेळ लागू असताना साडेदहा तास मागे असते. म्हणजे तो सामना आपल्याकडे हिवाळ्यात सकाळी साडेसहा-सातला आणि एरवी साडेपाच-सहाला येतो. न्यूयॉर्क, बॉस्टन या पूर्वेकडील शहरांचे सामने याहून तासभर आधी, आणि लॉस एंजेलिस, सॅक्रामेंटो येथील दोन तास उशिरा. सामना ४८ मिनिटांचा म्हणतात, पण थांबत-थांबत अडीच तास घेतो. तुमचे महाविद्यालय दहाला भरत असेल तर पश्चिम किनाऱ्यावरच्या संघाचा घरचा सामना तुम्हाला कायम अर्ध्यावर सोडावा लागेल, आणि जो संघ नेहमी अर्धवट पाहिला जातो त्याच्याशी अर्धवटच ओळख होते. मी शाळेत साडेदहाला पोहोचायचो. मधल्या वेळेचा संघ मला अनायासे लाभला.

हंगामाचे वेळापत्रक मात्र आपल्याकडच्या माणसासाठीच बेतले आहे की काय असे वाटावे इतके सोयीचे आहे. सोयाबीनच्या राशी होऊन पोती घरात आली की ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पहिला सामना होतो. ज्वारी-हरभरा निघून गेल्यावर, एप्रिलच्या मध्यावर, ८२ साखळी सामने संपतात आणि जास्तीत जास्त सात-सात सामन्यांच्या मालिकांची बाद फेरी सुरू होते. अंतिम मालिका जूनमध्ये, मृगाच्या तोंडावर. आमच्या वडिलांना मी कधी तरी सांगितले होते की, पेरणीच्या आधी याचा निकाल लागतो. ते म्हणाले, "मग लागू दे की, आपल्याला तवा कुठं काम आसतंय."

सामना कसा पाहावा याविषयी मी थोडे विस्ताराने सांगतो, कारण खरी ओळख इथेच होते. नवखा प्रेक्षक चेंडूकडे पाहतो. ते साहजिकच आहे, पण चेंडूकडे पाहून फक्त कोण जिंकतो आहे ते कळते. सुरुवातीचा एक महिना दर सामन्यात एक क्वार्टर, म्हणजे बारा मिनिटे, चेंडू हातात नसलेल्या एकाच खेळाडूवर नजर ठेवा. तो कोणासाठी आडवा उभा राहून वाट मोकळी करतो, आपला माणूस सुटला तर दुसऱ्याच्या मदतीला किती पावले धावतो, चेंडू मिळताच तो धरून विचार करतो की लगेच पुढे देतो, हे पाहा. २०१४ च्या स्पर्स संघात हे शेवटचे इतके मुरलेले होते की चांगली संधी असलेला खेळाडू स्वतः न मारता त्याहून चांगली संधी असलेल्याला चेंडू द्यायचा, आणि चेंडू माणसांपेक्षा वेगाने मैदानभर फिरायचा. त्या संघात अर्जेंटिना, फ्रान्स, ब्राझील, इटली, ऑस्ट्रेलिया, कॅनडा असे ठिकठिकाणचे खेळाडू होते. मी मुलींच्या संघाकडून आठवडाभर ड्रिबल न करता, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत न नेता, केवळ पास देत सराव करून घेतला होता तो त्याच वर्षी. पहिले दोन दिवस नुसता गोंधळ झाला, तिसऱ्या दिवशी एक मुलगी म्हणाली, "सर, आता चेंडू आपोआप फिरायलाय." एवढ्यावर माझा तो हंगाम वसूल झाला होता.

दुसरी गोष्ट म्हणजे नोंद ठेवा. माझ्याकडे शाळेतून रद्दीत निघालेले कोरे हजेरीपट होते. १९९९ च्या हिवाळ्यात मी त्यातल्या एकात विद्यार्थ्यांच्या जागी स्पर्सच्या खेळाडूंची नावे लिहिली आणि दिवसांच्या घरांत सामने भरू लागलो. सुरुवातीला वर्तमानपत्रात कोपऱ्यात छापलेला निकाल एवढाच आधार होता. नंतर रविवारी सायबर कॅफेत तास-दीड तास बसून आठवड्याचे आकडे उतरवून आणायचो. हजेरीपटाच्या पानावर घरे ३१ असतात आणि सामने ८२, त्यामुळे एका हंगामाला तीन पाने लागतात आणि तिसऱ्या पानावर ११ घरे रिकामी राहतात. त्या ११ घरांत बाद फेरीचे सामने लिहायचे असा माझा नियम आहे. २०१४ मध्ये बाद फेरीत २३ सामने झाले, तेव्हा घरे कमी पडून मी समासात लिहीत गेलो. आणि २०२० ते २०२५ या सलग सहा हंगामांत त्या घरांत एक अक्षरही पडले नाही, कारण संघ बाद फेरीत पोहोचलाच नाही. मधले काही हंगाम ८२ पेक्षा कमी सामन्यांचे झाले, तेव्हा रिकामी घरे आणखी वाढली. आकडे आज मोबाईलवर क्षणात मिळतात हे मला माहीत आहे. तरी हाताने लिहिलेले नाव आणि वाचून सोडलेले नाव यांत फरक पडतो. बाकावरच्या बाराव्या खेळाडूचे नावही तुम्हाला पाठ होते, आणि तो कधी तरी येऊन आठ गुण करून गेला तर त्याचा आनंद तुम्हाला होतो.

आता हरण्याविषयी. हरण्याचे दोन प्रकार असतात आणि त्यांना वेगवेगळ्या तऱ्हेने तोंड द्यावे लागते.

एक म्हणजे हातातोंडाशी आलेला घास जाणे. १३ मे २००४ ला आपल्याकडे लोकसभेचे निकाल लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे लातूर शिवराज पाटील चाकूरकर हरले याच एका विषयावर बोलत होते, आणि मी लॉस एंजेलिस लेकर्सविरुद्धच्या पाचव्या सामन्यात अडकलो होतो. लेकर्सच्या शकील ओ'नीलच्या पसरलेल्या हातांवरून डंकनने तोल जाता-जाता चेंडू टाकला, स्पर्स ७३-७२ असे पुढे गेले आणि घड्याळात ०.४ सेकंद उरले. नियम असा आहे की घड्याळात ०.३ सेकंद किंवा अधिक असेल तरच बाहेरून आलेला चेंडू पकडून फेकता येतो, त्याहून कमी असेल तर फक्त हवेतल्या हवेत टोलवता येतो. म्हणजे सेकंदाच्या दोन दशांशांनी घात केला. डेरेक फिशरने चेंडू पकडला, वळला, मारला, आणि लेकर्स ७४-७३ असे जिंकले. २०१३ मध्ये त्याहून वाईट झाले. मायामीविरुद्ध अंतिम मालिकेत ३-२ अशी आघाडी, सहाव्या सामन्यात २८ सेकंद उरलेले असताना पाच गुणांनी पुढे, करंडक देण्याच्या तयारीसाठी मैदानाभोवती पिवळी दोरी धरलेली माणसे कॅमेऱ्यात दिसू लागली होती. मायामीचा एक फटका हुकला, त्यांच्याच ख्रिस बॉशने हुकून परत आलेला चेंडू पकडून कोपऱ्यात दिला आणि रे ॲलनने ५.२ सेकंद असताना तीन गुणांचा फटका मारून बरोबरी साधली. जादा वेळेत सामना गेला, सातव्या सामन्यात करंडक गेला. मी त्या दिवशी हजेरीपटात आकडे भरले नाहीत. ते घर मी चार दिवसांनी भरले.

या प्रकारच्या दुःखावर औषध नाही, पण त्याची एक सोय असते: ते मोठे असल्यामुळे लक्षात राहते आणि संघाशी बांधूनही ठेवते. बरोबर एक वर्षाने त्याच मायामीविरुद्ध पाचव्या सामन्यात स्पर्स सुरुवातीलाच ६-२२ असे मागे पडले, आणि तरीही १०४-८७ असे जिंकून त्यांनी ४-१ ने मालिका घेतली. ज्याने २०१३ पाहिले नव्हते त्याला २०१४ चे ते सतरा गुण निव्वळ आकडा वाटले असतील.

खरी परीक्षा दुसऱ्या प्रकारात असते, आणि तुमच्या प्रश्नाचा रोख तिकडेच आहे: संघ वाईट नव्हे, सामान्य होतो, आणि वर्षानुवर्षे सामान्य राहतो. पावसाळा कोरडा जावा तसा हंगाम जातो, त्यात सांगण्यासारखे काही नसते. २०२२-२३ मध्ये ६० पराभव, २०२३-२४ मध्ये पुन्हा ६०. आमचे शिपाईमामा, ज्यांनी आयुष्यात एकही बास्केटबॉल सामना पूर्ण पाहिलेला नाही, रोज सकाळी घंटा देण्याआधी माझा चेहरा पाहून विचारायचे, "सर, तुमचे लोकं आज बी हरले जणू?" अशा वर्षांत विजय मोजू नयेत. एक नवखा खेळाडू निवडावा आणि नोव्हेंबरातला तो व मार्चमधला तो यांत काय बदलले एवढेच पाहावे. प्रशिक्षक म्हणून मी हे रोज करत आलो. सातवीत आलेले पोर दहावीत जाताना कसे झाले, हाच आमच्या धंद्यातला निकाल. शिवाय एनबीएची रचना अशी आहे की तळाच्या संघांना पुढच्या ड्राफ्टमध्ये वरच्या क्रमांकाची संधी अधिक मिळते. त्यातूनच २०२३ मध्ये फ्रान्सचा व्हिक्टर वेम्बान्यामा स्पर्सकडे आला. पण त्या आशेवर आपणच पराभव मागू लागलो तर समोरचा सामना पाहण्याची नजर जाते, असा माझा अनुभव आहे. मी एका हंगामात तसे केले आणि त्या हंगामातले मला आज काहीच आठवत नाही.

दूरच्या माणसाने संघाबरोबर शहरही थोडे वाचावे. मला सॅन अँटोनियोची ओढ लागली ती दोन कारणांनी. एक, तिथे दर फेब्रुवारीत जनावरांचे मोठे प्रदर्शन आणि रोडिओ, म्हणजे घोड्या-बैलांवरचे खेळ, भरतात. ते संघाच्याच क्रीडागृहात भरत आले, म्हणून स्पर्सना आपले घर सोडून कित्येक दिवस बाहेरगावी सामने खेळत फिरावे लागते. मी मूळचा लोहा तालुक्यातला. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवे, उंट आणि लाल कंधारी वळू पाहत लहानाचा मोठा झालो. जनावरांच्या जत्रेपुढे करोडो डॉलरच्या संघानेही मुकाट बाजूला व्हायचे, ही गोष्ट मला तिथल्या लोकांविषयी बरेच काही सांगून गेली.

दुसरे कारण पाणी. ते शहर मुख्यतः एडवर्ड्स या भूगर्भातील जलसाठ्यावर जगते. जे-१७ नावाच्या निरीक्षण विहिरीची पातळी तिथले लोक रोज पाहतात आणि ती ठरावीक रेषेखाली गेली की बागांना पाणी देण्यावर निर्बंध लागतात. मांजरा धरणाचा साठा रोज वर्तमानपत्रात शोधणाऱ्याला यापेक्षा जवळचे शहर कोणते असणार? १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातुरात आली, त्या दिवसांत स्पर्स आपल्या इतिहासातील सर्वाधिक, म्हणजे ६७ साखळी विजय मिळवून बाद फेरीकडे निघाले होते. १३ मेच्या सकाळी मी टँकरच्या रांगेत होतो. पुढे सहा घागरी, मागे शेजाऱ्यांचे प्लॅस्टिकचे ड्रम, आणि हातातल्या मोबाईलवर ओक्लाहोमा सिटीतला सामना अडखळत चालू होता. स्पर्स हरले आणि मालिका संपली. डंकनचा तो शेवटचा सामना होता हे जुलैत कळले. ना निरोप समारंभ, ना भाषण, संघाचे एक छोटे निवेदन. रांगेतल्या आजींनी विचारले होते, "का रं, कुनी गेलं का?" मी "नाही" म्हणालो.

एक धोका सांगून ठेवतो, कारण तो कोणी सांगत नाही. अमेरिकेत संघ मालकीचा असतो आणि मालक तो उचलून दुसऱ्या शहरात नेऊ शकतो. सिएटलचा संघ २००८ मध्ये ओक्लाहोमा सिटीला गेला. खुद्द स्पर्स १९७३ पर्यंत डॅलसमध्ये होते. सॅन अँटोनियोचा महिला संघ २०१७ च्या हंगामानंतर लास वेगासला हलवला गेला, आणि त्याची झळ मला बसली. त्या संघाची खेळाडू बेकी हॅमन आमच्या मुलींची आदर्श होती. २०१४ मध्ये ती स्पर्सची साहाय्यक प्रशिक्षक झाली, ३० डिसेंबर २०२० ला पॉपोविच यांना पंचांनी बाहेर काढल्यावर तिने उरलेला सामना चालवला, आणि एनबीए सामन्यात मुख्य प्रशिक्षकाचे काम पाहणारी ती पहिली स्त्री ठरली. नंतर ती लास वेगासच्या त्याच हललेल्या संघाची प्रशिक्षक झाली. माझ्या माजी विद्यार्थिनींपैकी काही तिच्यामागे लास वेगासच्या झाल्या, काहींनी महिला लीग पाहणे सोडले. संघ हलला तर काय करायचे याचा नियम मी देऊ शकत नाही. मी स्वतः त्यांचे सामने पाहतो, पण हजेरीपटात लिहीत नाही.

प्रत्यक्ष मैदानावर न जाता नाते खोटे ठरेल ही तुमची शंका मात्र सोडून द्या. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये एनबीएचे दोन संघ, इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज, मुंबईत वरळीला खेळले. मी दोन जुन्या विद्यार्थ्यांबरोबर रात्रीच्या लातूर एक्स्प्रेसने गेलो आणि ५ तारखेचा सामना पाहिला. शूज घासल्याचा आवाज ऐकू येईल इतक्या जवळ बसलो होतो, त्या खेळाडूंचे वेग आणि धिप्पाड शरीरे पाहून चकित झालो, मुलांना दाखवण्यासारख्या चार गोष्टी टिपून आणल्या. पेसर्स जिंकले. पण दोन्ही संघ माझे नव्हते, आणि परतीच्या गाडीत बसताच मी शांत झोपलो.

पैजा लावू नका. पैसा लागला की आपला संघ जिंकूनही ठरलेल्या फरकाने जिंकला नाही म्हणून हळहळणारी माणसे मी पाहिली आहेत.

यंदा सुरुवात करणार असाल तर वेळापत्रक आले की पहिल्या महिन्याचे सामने भारतीय वेळेत लिहून भिंतीला लावा, आठवड्यातून दोन सामने पूर्ण पाहा आणि बाकीच्यांचे फक्त आकडे वहीत भरा; परीक्षेच्या काळात नुसते आकडे चालतील. सकाळी सामना संपेपर्यंत मोबाईलवरच्या सूचना बंद ठेवा, नाहीतर शेवटच्या क्वार्टरआधीच निकाल डोळ्यांपुढे येतो. आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतील घड्याळे एक तास मागे जातात, तेव्हा गजर एक तास पुढे सरकवा. तो विसरलात तर फार बिघडत नाही, चहा घेऊन रिकाम्या पडद्यासमोर तासभर बसावे लागते. पण मार्चच्या दुसऱ्या रविवारी उलटा बदल होतो, आणि तो विसरलात तर तुम्ही उठाल तेव्हा पूर्वार्ध जवळजवळ संपलेला असेल.